मैदान कोण झाडतं?



२१ जानेवारी २००४. मुंबईतल्या जागतिक सामाजिक मंचाचा शेवटचा दिवस. ऑगस्ट क्रांती मैदानातून आझाद मैदानाकडं मोर्चा निघाला. मी त्यात होतो. तुमच्यातले कितीजण तेव्हा जन्मलेही नव्हते. देशोदेशीचे लोक आणि त्यांच्यात आपले लोक, ढोल बडवत. जगातल्या गरिबीविरुद्ध, जागतिक बँकेविरुद्ध घोषणा. दुसरं जग शक्य आहे, असं सगळे ओरडत होते. मीही घसा फोडून ओरडलो. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली.

तेवढ्यात शेजारचा एक कॉम्रेड म्हणाला, ‘तुम्ही लोक इथंपण जात आणता. अरे, गरीब तो गरीब!’

तेव्हा मी गप्प बसलो. आज बोलतो.

तेव्हा जागतिक बँकेची गरिबीची रेषा रोजच्या एका डॉलरच्या आसपास होती. २०२५ साली ती ३ डॉलर झाली. रेषा सरकते, जात सरकत नाही. गावात भाड्यानं खोली मागायला गेलं की डॉलर कुणी विचारत नाही, आडनाव विचारतात. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. तरी गटारात माणसं गुदमरून मरतातच. कुणाच्या घरची? गरीब तर सगळ्याच जातींत आहेत, मग गटारात आपलाच का? बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावलं होतं, जात म्हंजे नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे. ती न मोडता मोर्चा एक कसा होणार?

म्हणून मोर्चाला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जा! पँथरनं १९७३ च्या जाहीरनाम्यात कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया सगळ्यांना दलित म्हटलं होतं. जगातल्या भुकेल्यांशी आपलं नातं जुनंच आहे. पण जात घरी ठेवून या म्हणणाऱ्याला विचारा, तू तुझी कुठं ठेवून आलास?

आणि एक स्वतःबद्दल. सभा उठली. मैदानात कागद, बाटल्या, पत्रकं. एक बाई झाडू घेऊन आली, आपल्यातलीच. मी म्हटलं, ‘मावशी, सभेला होता का?’ ती म्हणाली, ‘कसली सभा, बाबा?’

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीपण नाही.

पुढच्या मोर्चाचं पत्रक छापाल, तेव्हा पहिलं तिच्या हातात द्या. आणि माईकही.

जयभीम!