लोकसंख्या : वाढीचे प्रदेश आणि वार्धक्याचे प्रदेश

लोकसंख्येच्या प्रश्नाचा विचार बहुधा देशाच्या एकाच आकड्यावरून केला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती आणि दशकातील वाढ १७.७ टक्के. परंतु सरासरीच्या आड फार निराळी चित्रे दडलेली असतात. त्याच दशकात बिहारची लोकसंख्या २५ टक्क्यांहून अधिक, तर केरळची ५ टक्क्यांहूनही कमी वाढली. साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण केरळात १२.६ टक्के, तर बिहारमध्ये ७.४ टक्के होते. एकीकडे शाळेच्या खोल्या अपुऱ्या पडतात, दुसरीकडे वृद्धांच्या शुश्रूषेची विवंचना आहे.

हा फरक कायमचा नव्हे. १९६१ ते १९७१ या दशकात केरळच्या वाढीचा वेग देशाच्या सरासरीहून अधिक, २६ टक्क्यांवर होता. स्त्रीशिक्षणाचा प्रसार, बालमृत्यूंतील घट आणि गावाजवळ मिळणारी आरोग्यसेवा यांमुळे चित्र पालटले. जन्मलेले मूल जगेल, ही खात्री पटली की लहान कुटुंबाचा विचार घराघरांत रुजतो.

अशीच तफावत महाराष्ट्राच्या अंतर्भागातही आढळते. २००१ ते २०११ या काळात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांची चक्क घटली. तेथे जन्म कमी झाले, तसेच तरुण मंडळी रोजगारासाठी मुंबई-ठाण्याकडे गेली. मुलांकडून घरी पैसे येतात. पण आजारी आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारे हात गावात नसतात.

येथे न्यायाचाही प्रश्न उद्भवतो. कुटुंब मर्यादित ठेवणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व घटू नये, म्हणून १९७६ साली घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर स्थिर करण्यात आले. २००१ साली ही मुदत वाढविण्यात आली. हेच तत्त्व गावपातळीवरही लक्षात घेतले पाहिजे. निव्वळ डोकी मोजून सोयी वाटल्या, तर घटत्या वस्तीच्या गावातील वृद्धांच्या वाट्याला काहीच उरणार नाही.

यास्तव ग्रामपंचायतीने विकासाचा आराखडा आखताना गावात माणसे किती, याबरोबरच ती कोणत्या वयाची, त्यांपैकी एकटी राहणारी किती, याचीही नोंद करावी. शिक्षक, आरोग्यसेविका व तलाठी यांच्या साहाय्याने हे काम सहज होण्याजोगे आहे. निवृत्तिवेतनास पात्र असूनही वंचित राहिलेली एखादी वृद्धा अशा नोंदीतूनच प्रथम शासनाच्या दृष्टीस पडेल.