अधिकार आणि वजन



दिवसभराच्या उन्हानंतर अंगणात गार वाऱ्याला बसायचे सोडून आपण व्याख्यान ऐकावयास जमला आहात, याचे आम्हांस कौतुक वाटते आणि थोडी धास्तीही वाटते. कोरेगावचा माणूस घेवडा पारखणारा. दाणा भरलेला की पोचट, हे तो मुठीत घेताच सांगतो. तेव्हा आज बोलू ते थोडे, पण शक्यतो निवडून बोलू.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, अधिकार आणि वजन. अमुक साहेबांना अधिकार आहे, असे आपण म्हणतो. आणि अमुक आप्पांचे गावात वजन आहे, असेही म्हणतो. अधिकार वरून मिळतो आणि बदलीच्या हुकमाबरोबर जातो. वजन मात्र कोणी देत नाही. ते माणसाने स्वतः वाढवावे लागते, आणि ते वाढविण्याची पहिली अट अशी की, आधी स्वतः शिकावे लागते. आम्हांस हे फार उशिरा कळले. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच कोणी दिली.

आम्ही तरुणपणीच एका शाळेचे मुख्याध्यापक झालो. मुले उशिरा येत. आम्ही नियम केला की, घंटेनंतर फाटक बंद. नववीतला एक मुलगा तरीही रोज पाव तास उशिरा येई. कारण विचारले की मान खाली घाली. काही दिवस त्याला बाहेर उभे केले आणि शेवटी पटावरून नाव कमी केले. शाळा वेळेवर भरू लागली, शेराही चांगला मिळाला. आम्ही स्वतःवर खूष होतो.

पुढे कोणाकडून तरी कळले की, त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. पोरगा पहाटे उठून म्हशींची धार काढी, दूध डेअरीला घाली आणि मग चालत शाळा गाठी. आम्ही त्याच्या घरी गेलो, तोवर तो चुलत्याबरोबर मुंबईस गेला होता, बाजारात ओझी उचलावयास. त्याच्या आईने आम्हांस बसायला घोंगडी टाकली, चहा दिला आणि रागाचा एक शब्दही काढला नाही. मास्तर घरी आले, याचेच तिला अप्रूप! तो चहा अजून आमच्या घशाखाली नीट उतरलेला नाही. अधिकार आमच्याकडे पुरेपूर होता. विचारण्याची बुद्धी तेवढी नव्हती.

अशा मुलांचे काय करावे, हा प्रश्न याच सातारा जिल्ह्यात एका माणसाने आमच्या कितीतरी आधी हाती घेतला होता. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे त्यांचा जन्म झाला. मोठी पदवी नाही, सरकारी हुद्दा नाही. साताऱ्यात शिकवण्या करीत, म्हणून लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. पुढे किर्लोस्करांच्या नांगराचा प्रचार करीत ते खेडोपाडी हिंडले. नांगर विकता विकता शेतकऱ्याच्या घरात काय शिजते आणि पोर शाळेत का जात नाही, हे त्यांनी पाहून घेतले. आम्ही फाटकाशी उभे राहिलो. ते उंबऱ्यापर्यंत गेले. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

त्यांचे वजन कशाने वाढले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. बोर्डिंगातून त्यांना काढले. त्या बोर्डिंगाची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. पुढे 1914 मध्ये कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण झाले. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला. त्यांनी साक्ष दिली नाही. ज्याने आपणांस दाराबाहेर काढले, त्याच्याही विरुद्ध खोटे न बोलणारा माणूस! अशाच्या शब्दाला पुढे किंमत आली, यात नवल ते काय?

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि काम करून शिकत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने श्रम द्यावेत, ही ती ‘कमवा आणि शिका’ची वाट. मुलाची अडचण नियमाबाहेर न टाकता तिच्यातूनच त्यांनी नियम घडविला.

आणि एक गोष्ट. बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या गेल्या. त्यांनी कधी सभेत नेतृत्वावर भाषण केले नसेल. पण त्या ताटावर जेवलेल्या मुलांना त्याग म्हणजे काय, हे पुन्हा शिकवावे लागले नाही.

कोणी म्हणेल, ही थोरांची कामे. मान्य आहे. परंतु वजनालाही एक धोका असतो. माणसाभोवती आरत्या सुरू झाल्या की त्याच्यामागे काम थांबते. म्हणून खरी परीक्षा एकच : आपण नसताना काय चालते? भाऊराव 9 मे 1959 रोजी गेले. बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्याच कोरेगावात त्याच संस्थेचे महाविद्यालय आज उभे आहे. मागे माणसे उभी केली, म्हणून हे चालले.

आपण सारे कोठे ना कोठे चारचौघांच्या पुढे उभे असतो : घरात, सोसायटीत, मंडळात, शाळेत. तेथे आपले कोणी ऐकत नसेल, तर आवाज चढविण्यापूर्वी एकदा त्याच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन यावे. त्या मुलानंतर आम्ही विचारपूस केल्याशिवाय एकाही पोराचे नाव पटावरून कमी केले नाही. काही मुले परत आली, काही आली नाहीत. परंतु फाटक बंद करण्याची वेळ क्वचितच आली.