साभार परत

टपालानं लेखन पाठवायचे ते दिवस होते. पोस्टमन आला की पाकिटाच्या जाडीवरूनच निकाल कळायचा. पातळ पाकीट म्हणजे स्वीकाराचं पत्र. जाड पाकीट म्हणजे आपलीच कथा, आपणच जोडलेल्या तिकिटांवर, आपल्याच दारी. आणि वर चिठ्ठी, ‘साभार परत’. माझ्याकडे जाड पाकिटं इतकी यायची, की आमच्या पोस्टमनमामांनाच वाईट वाटू लागलं. ते पाकीट उंबऱ्यात न टाकता हातात द्यायचे आणि पाणी मागून पाच मिनिटं बसायचे.

मी तालुक्याच्या गावी बँकेत रोखपाल होतो. पहाटे चार ते सहा लिहायचं, मग नळाचं पाणी भरायचं, दहाला काउंटर. अकरावं पाकीट परत आलं तेव्हा वह्या माळ्यावर टाकल्या. तेवढ्यात एका दिवाळी अंकानं कथा छापली. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर उभ्या उभ्या अनुक्रमणिका चाळली, नाव दिसलं आणि गाडी चुकली. तीन प्रती घेतल्या. मानधनाची मनीऑर्डर चैत्रात आली. ती त्या तीन प्रतींच्या किमतीपेक्षा थोडी कमीच भरली. आईनं तिचे पेढे आणले, वरची भर स्वतःच्या पिशवीतून घातली. वह्या माळ्यावरून खाली आल्या.

‘नोकरी सोडून लिहू का?’ असं तरुण मुलं विचारतात. रोखपालाची सवय, मी हिशेब मांडतो. समजा, दोनशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के मानधन, हजाराची आवृत्ती. ती सगळी खपली तर वीस हजार. खपायला वर्षं जातात, आणि आता हजाराची आवृत्ती काढायलाही प्रकाशक कचरतात. मराठीत लिहिणाऱ्यांची चूल बहुधा दुसऱ्याच कामावर पेटलेली असते. नारायण सुर्वे मुंबईत शाळेत शिपाई होते, पुढं शिक्षक झाले. १९६२ साली त्यांचा पहिला कवितासंग्रह आला. अण्णाभाऊ साठ्यांना तर पगाराचाही आधार नव्हता. ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहिणारा हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिला आणि १९६९ मध्ये, पन्नाशीही न गाठता गेला. त्यांच्यापुढं माझ्या कष्टांचं नाव काढणंही शोभत नाही.

पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती हिशेबात धरत नाहीत. पहाटेचे दोन तास पुरेनासे झाले, की लिहिणारा माणूस घरच्यांच्या वाटचा वेळ घेतो. माझी कादंबरी चालली होती तेव्हा मुलगी दहावीला होती. तिचं गणित कच्चं, आणि बाप दिवसभर आकडे मोजणारा! रात्री ती वही घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी यायची, थोडा वेळ उभी राहायची आणि परत जायची. मला पावलं ऐकू यायची. वळलो तर वाक्य हातचं जाईल, म्हणून मी वळलो नाही. एकदा नव्हे, वर्षभर. गणितात ती काठावर सुटली. बायको एवढंच म्हणाली, ‘तुमचं पुस्तक तरी पहिल्या वर्गात येऊ दे.’

कादंबरी छापून आली. तिची बऱ्यापैकी दखल घेतली गेली, एक लहानसा पुरस्कारही मिळाला. तिच्यात बाप मुलीला विहिरीत पोहायला शिकवतो असं एक प्रकरण आहे; वाचकांची पत्रं बहुतेक त्याच प्रकरणावर आली. मुलीनं ते वाचलं आणि विचारलं, ‘बाबा, हे कधी झालं होतं?’

‘कादंबरी आहे ती,’ मी म्हटलं.

आता ती नोकरी करते. माझं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून रविवारी येऊन माझं लेखन संगणकावर उतरवून देते. तिचा मुलगा शेजारी बसून पाढे घोकत असतो. मागच्या रविवारी तिनं विचारलं, ‘नवीन काही मोठं काढलंय का लिहायला?’

मी ‘नाही’ म्हणालो. ऐंशी पानं झाली आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)