उन्हाळ्यांतील परसबाग कार्तिकांत सुरू होते

(गांवच्या शाळेच्या पटांगणांत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



दिवाळी नुकतीच झाली आहे, आपण अंगावर घोंगडी घेऊन बसलां आहां, आणि हा मास्तर उन्हाळ्यांतील भाजीपाल्याविषयीं बोलावयास उभा राहिला आहे, हें पाहून पुष्कळांस हंसूं येत असेल. खुशाल हंसा, परंतु माझें सारें सांगणें याच एका गोष्टींत आहे. उन्हाळ्यांतील बाग उन्हाळ्यांत सुरू होत नाहीं. ज्याला वैशाखांत घरचा कांदा आणि घरचा टोमॅटो ताटांत हवा, त्याचें काम आजपासून लागलें. ही गोष्ट मीं पुस्तकांत वाचली होती. परंतु पटली ती माझी फजिती झाल्यावर. ती फजितीच प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं माझी बदली एका कोरडवाहू गांवीं झाली. घरामागें थोडें परस होतें. शिमगा झाला आणि मला बागेची हौस आली. बाजारांतून कांद्याचें रोप आणलें व मोठ्या थाटानें वाफे भरून लावलें. शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई कुंपणापाशीं उभ्या राहून पाहात होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, आतां ह्याची पात खावा. कांदा कांहीं पोसायचा न्हाई." मी ट्रेनिंग कॉलेजांतून शेतकीच्या विषयांत चांगले मार्क घेऊन पास झालेला! मनांत म्हटलें, ह्या बाईंस काय ठाऊक? रोज आठ घागरी पाणी त्या वाफ्यांस जाऊं लागलें. वैशाखांत कांदे उपटले, तों ते सुपारीएवढे.

एवढ्यावर भागलें असतें तर ती गोष्ट हंसण्यावारी नेतां आली असती. परंतु त्या आठ घागरी आणीत कोण होतें? मी नव्हे. विहीर गांवाबाहेर, तिचें पाणी खोल गेलेलें, आणि पाणी शेंदीत होत्या माझी बारा वर्षांची मुलगी व तिची आई. उन्हाळ्यांत शाळा सकाळची असते. दुसऱ्यांच्या मुली उशिरां आल्या म्हणजे त्यांच्या बापांस बोलावून कानउघाडणी करणारा मी. पण त्या दोन महिन्यांत माझ्याच मुलीच्या नांवापुढें "उशिरां" हा शेरा मला माझ्या हातानें सात वेळां लिहावा लागला. सुपारीएवढ्या कांद्यासाठीं पोरीची शाळा बुडाली! तेव्हांपासून मी परसबागेचा हिशेब रुपयांत करीत नाहीं, घागरींत करतों.

आतां त्या बाईंचें म्हणणें खरें कां ठरलें तें पाहूं. कांदा म्हणजे पातीच्या बुडांचा झालेला गड्डा. वर जितक्या पाती, तितके आंत पापुद्रे. दिवस मोठा होऊं लागला व ऊन तापलें कीं रोप नवी पात काढण्याचें सोडून गड्डा भरूं लागतें. त्या वेळीं अंगावर भरपूर पात असेल तर कांदा मोठा होतो; तीन-चारच पाती असतील तर त्यांतून सुपारीच निघावयाची. मग पाणी ओता कीं खत ओता. पात वाढण्याचे दिवस थंडीचे. ते एकदां गेले कीं गेले.

म्हणून उन्हाळी कांद्याचें बीं आतांच, कार्तिकांत, गादीवाफ्यावर टाकावें. बीं यंदाचेंच असावें. कांद्याच्या बियांची उगवण वर्षभरांत उतरते. जात रब्बीचीच घ्यावी. एन २-४-१ किंवा राजगुरुनगरच्या संशोधन केंद्रानें काढलेली भीमा किरण किंवा भीमा शक्ती या जाती चालतील. एन ५३ ही खरिपाची जात आहे, ती या वेळेस घेऊं नये. सहा ते आठ आठवड्यांत रोप लावण्याजोगें होतें. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत लागण उरकावी.

शाळेंतल्या मुलांनीं मांडलेला हिशेब तुम्हांस सांगतों. १० फूट लांब व ४ फूट रुंद असा एक वाफा घ्या. दोन ओळींत ६ इंच व दोन रोपांत ४ इंच अंतर ठेवलें तर त्यांत २४० रोपें बसतात. त्यांतलीं ४० मेलीं असें धरा. उरलेले २०० कांदे साठ-साठ ग्रॅमचे भरले तरी १२ किलो झाले. ज्या घरांत महिन्यास ३ किलो कांदा लागतो, त्याची चार महिन्यांची बेगमी एवढ्याशा जागेंत झाली! आपण शेतकरी असून वैशाखांत मातीमोलानें कांदा विकतों आणि भाद्रपदांत तोच चढ्या भावानें तोलून आणतों. हा वाफा विकण्यासाठीं नाहीं, घरासाठीं आहे हें ध्यानांत ठेवावें.

वाफ्यांत दोन-तीन घमेलीं चांगलें कुजलेलें शेणखत घालावें. ताजें शेण घालूं नये. त्यानें हुमणी लागते. लागणीनंतर दोन महिने झाले कीं युरिया बंद. त्यापुढें दिलेल्या युरियानें कांद्याची मान जाड होते व तो घरांत सडतो. निम्म्या पाती आपण होऊन माना टाकूं लागल्या कीं कांदा काढावा, आणि त्याच्या आधीं दोन आठवडे पाणी तोडावें. काढलेला कांदा तीन-चार दिवस शेतांत असा पसरावा कीं एकाच्या पातीनें दुसऱ्याचा गड्डा झांकला जाईल. मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापावी व दहा-बारा दिवस सावलींत सुकवावा. डेंगळे व जोड कांदे वेगळे काढून आधीं खावे; ते टिकत नाहींत.

यांतली खुबी पाहा. या कांद्यानें आपलें बहुतेक पाणी केव्हां घेतलें? पौष-माघांत, विहिरी भरलेल्या असतांना. विहीर तळास गेली तेव्हां त्याचें पाणी आपण तोडलें. माझ्या शिमग्याच्या कांद्यानें मात्र ऐन टंचाईंत तोंड उघडलें होतें. कांदा तोच, माती तीच, फरक तिथीचा.

दुसरा प्रकार लहान कांद्याचा. तामिळनाडूंत सांबारांत अख्खे कांदे घालतात ते हे. हा गुच्छानें वाढतो. एक कांदा लावला कीं त्याच्या बुडाशीं पांच-सहा कांद्यांचा घोस होतो. आपल्या बाजारांतली चिंगळी ती ही नव्हे, हें नीट समजून घ्यावें. चिंगळी म्हणजे मोठ्या जातीचाच न पोसलेला कांदा. ती लावली तर पात मिळेल, डेंगळा येईल, पण घोस येणार नाहीं. गुच्छाचे सुके कांदे मिळाले तर माघाच्या आरंभीं अर्ध्या-अर्ध्या फुटावर, शेंडा मातीबाहेर राहील असे लावावे. रोप करण्याची खटपट नाहीं, आणि अडीच महिन्यांच्या आंत काढणी होते. ज्यांच्याकडून कार्तिकांत बीं टाकणें राहून गेलें, त्यांनीं शिमग्यास माझ्यासारखें कांद्याचें रोप लावण्यापेक्षां हा लावावा.

आतां टोमॅटो. जुनीं माणसें त्यास बेलवांगें म्हणत, आणि तें बरोबरच आहे, कारण तो वांग्याच्याच कुळांतला. म्हणून गेल्या वर्षीं जेथें वांगें, मिरची किंवा बटाटा होता तेथें तो लावूं नये; मर रोग मातींतून येतो. बीं जानेवारीच्या आरंभीं टाकावें आणि रोपावर पातळ लुगड्याचा तुकडा ताणावा. पांढरी माशी रोपास लहानपणींच डसली तर पानें चुरडतात व तें झाड पुढें कांहीं देत नाहीं. असें झाड दिसतांच उपटून टाकावें. महिन्याचें रोप फेब्रुवारींत, खालचीं पानें खुडून देंठ खोल पुरून लावावें; पुरलेल्या देंठास मुळें फुटतात. आणखी एक गोष्ट पुरुषमंडळींस सांगतों. तंबाखू मळून त्याच हातांनीं टोमॅटोस शिवूं नये. तंबाखूंतला रोग हातावाटे झाडास लागतो. हात साबणानें धुवावे. तंबाखूच सोडली तर उत्तम!

टोमॅटोस उन्हाची भीति आहे. दिवसाचें ऊन ३५ अंशांवर गेलें व रात्रही गरम राहूं लागली कीं फूल गळतें. म्हणून चैत्राच्या आधीं फळ धरलें पाहिजे, आणि पश्चिमेच्या बाजूस तुरीच्या तुराट्यांचा किंवा जुन्या धोतराचा आडोसा पाहिजे. ३० अंशांवर फळास तांबडा रंग नीट चढत नाहीं, तें पिवळटच राहतें. त्यासाठीं फळावर गुलाबी छटा आली कीं तोडून घरांत पिकवावें. फळाचें बूड काळें पडलें तर बायका म्हणतात कीड लागली. ती कीड नव्हे. चार दिवस कोरडें आणि पांचव्या दिवशीं तुडुंब, अशा पाण्यानें फळास चुना पोंचत नाहीं, त्याची ती खूण आहे.

मग थोडें पण नेमानें पाणी कसें द्यावें? येथें आपल्या कुंभारदादाची विद्या कामास येते. दोन झाडांच्या मध्यें एक साधें भाजलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें व डांस होऊं नयेत म्हणून वर झांकण ठेवावें. मडकें पाझरतें आणि मुळें त्याला बिलगतात. वरची माती उसाच्या पाचटानें किंवा पालापाचोळ्यानें झांकावी. राखेनें घांसलेल्या भांड्यांचें पाणी टोमॅटोच्या बुडाशीं चालेल; साबणाच्या भुकटीचें नको, आणि कांद्यास तर कोणतेंच सांडपाणी नको, कारण त्याची पात आपण कच्ची खातों. एवढें केल्यावर माझ्या घरीं आठ घागरींच्या जागीं तीन पुरूं लागल्या. त्या तीन मी स्वतः आणतों. मुलगी वेळेवर शाळेंत जाते.

आयाबहिणींनो, त्या म्हाताऱ्या बाईंस अक्षरओळख नव्हती. परंतु त्यांचें ज्ञान खरें होतें आणि माझें सर्टिफिकेट त्या दिवशीं खोटें ठरलें. तुमच्या घरोघरीं अशा म्हाताऱ्या आहेत. त्यांना विचारा. काय केव्हां लावलें, किती घागरी लागल्या, किती कांदा निघाला, हें घरच्या शिकलेल्या मुलीकडून वहींत लिहवून घ्या. तोंडचें ज्ञान माणसाबरोबर जातें. लिहिलेलें मागें राहतें.

बीं टाकण्यास आतां फार दिवस उरले नाहींत. उद्यां सकाळीं परसांतला एक कोपरा खणा. आणि बंधूंनो, बाग सर्वांनीं खावयाची आहे, तर घागर बायकांच्याच डोक्यावर कां? अक्षयतृतीयेस प्रत्येक घरचा एकेक कांदा शाळेंत पाठवा. मुलें तो तोलतील व फळ्यावर नांवें लिहितील. कोणाचा सुपारीएवढा निघाला तरी लाजूं नये. त्या यादींत पहिलें नांव माझें लिहूं.