शब्दाचे शेपूट धरावे

वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ साली दिल्लीत स्थापन झाला. मूलद्रव्ये, संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे शक्यतो तशीच नागरीत लिहावीत, असे त्याचे धोरण. ते योग्यच आहे. मात्र नागरी लिपी शब्दाचे अवयव दाखविते, आघात दाखवीत नाही. येथील बैठकांत विषयाचा उत्तम जाणकार मराठी गृहस्थ असा लांब इंग्रजी शब्द येताच आवाज उतरवितो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आपला कान लघुगुरूंवर पोसलेला. इंग्रजी जीभ एकाच अवयवावर जोर देते आणि शेजाऱ्यांचे स्वर जवळजवळ गिळते. शिवाय जोराची जागा हलते: ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर.

म्हणून शब्द शेपटाकडून धरावा. शेवटी ‘इक’ असल्यास आघात बहुधा त्याच्या लगतच्या आधीच्या अवयवावर: ‘ॲटॉमिक’मध्ये ‘टॉ’वर. ‘लॉजी’ किंवा ‘इटी’ असल्यास शेवटून तिसऱ्यावर: ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘ट्रि’वर. अंकगणितवाचक ‘अरिथ्मेटिक’ मात्र हट्टी. त्याचा जोर ‘रिथ्’वर!

शब्द तोडताना व्युत्पत्तीवरही फार विसंबू नये. ‘हेलिकॉप्टर’ हा ग्रीक ‘हेलिको’ आणि ‘प्टेर’ यांचा जोड. एक मळसूत्राचा, दुसरा पंखाचा. जीभ मात्र तो ‘हे-लि-कॉप्-टर’ असाच तोडते. मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख घ्या: इ-लेक्-ट्रो-एन्-से-फ-लो-ग्राम. अवयव आठ, मुख्य आघात ‘से’वर. तेवढा ठसठशीत म्हणावा. उरलेले सात हलकेच सोडून द्यावेत.