माझ्या झोपेची चौकशी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी बाहेरच्या एखाद्या विदुषी येतात, बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी म्हटले, "मला भाषण कुठले येते? माझी झोप कशी गेली आणि कशी परत आली, एवढेच मला सांगता येईल." त्या म्हणाल्या, "तेवढेच सांगा. आपल्यातल्या निम्म्या बायकांना तेच ऐकायचे आहे." तेव्हा माझ्या बोलण्यात काही उणे असेल तर पदरात घ्यावे.

मी १९९४ साली लग्न होऊन या बाजूला आले. बंदर सुरू होऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. रात्रभर चालणारे कंटेनरचे ट्रेलर, त्यांचे भोंगे आणि हादरणाऱ्या खिडक्या यांची सवय तुम्हा सर्वांना आहे, तशी मलाही झाली. त्यामुळे माझी झोप बिघडली तेव्हा पहिला आळ ट्रेलरवरच आला.

खरे तर सुरुवात माझ्या घोरण्याने झाली. मी घोरता घोरता मधेच गप्प होते आणि मग दचकून श्वास घेते, असे यजमानांच्या ध्यानात आले. तपासणी झाली. झोपेतल्या श्वासरोधाचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा, विकार निघाला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते आणि मेंदू आपल्याला पुन्हा पुन्हा जागे करतो. त्यावर एक यंत्र मिळते. नाकावर मास्क लावायचा आणि यंत्राने दाबाने हवा सोडून ती वाट उघडी ठेवायची. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय १९८१ साली जगापुढे मांडला. मास्क लावलेली पाहून नातू मला "हत्तीआजी" म्हणू लागला. मी हसून घेतले आणि यंत्र नेमाने वापरले.

घोरणे थांबले. सहा महिन्यांनी यंत्राची नोंद पाहून डॉक्टर म्हणाले, "श्वास अडण्याचे प्रमाण तासाला पाचाच्या आत आले. आता तुमची झोप उत्तम आहे." आणि मी त्यांच्यासमोर बसून जांभया देत होते! मी तसे बोललेही. ते म्हणाले, "वयाचे असेल. घरात दगदग असेल." मीही मान डोलावली. आपल्याला असे कोणी म्हटले की ते खरेच वाटते.

पुढे एके दिवशी दुपारी मी नातवाला घेऊन ओट्यावर बसले होते. सूनबाई कामावर गेली होती. माझा डोळा कधी लागला ते मला कळले नाही. जाग आली ती शेजारच्या बाईंच्या ओरडण्याने. तीन वर्षांचे पोर फाटक उघडून रस्त्याच्या कडेला उभे होते आणि समोरून ट्रेलर जात होता. त्या बाईंनी त्याला उचलून आणले. त्या आज इथेच बसल्या आहेत. त्यांचे ऋण माझ्याच्याने फिटायचे नाही. त्या रात्री मी यजमानांना म्हटले, "माझी झोप उत्तम असेल, तर मग मला झालेय तरी काय?"

तेव्हा ते जरा अडखळत म्हणाले, "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तू रात्रभर पाय मारतेस." त्यांनी नडगी दाखवली. त्यावर निळे डाग होते. रोज सकाळी गोधडी जमिनीवर का असते, तेही तेव्हा उमगले.

भगिनींनो, इथून आमची चौकशी सुरू झाली. कोणी म्हणाले, हे बाहेरचे आहे, एखाद्या जाणत्याला दाखवा. कोणी म्हणाले, ते यंत्रच टाकून द्या. त्या मायेने सांगत होत्या, म्हणून मला राग आला नाही. पण यंत्र टाकले असते तर श्वास पुन्हा अडला असता आणि पायांचे कारण कळलेच नसते. आम्ही एकेक संशय घेऊन तपासायचे ठरवले. मास्कमधून हवा गळते का, ते यंत्राच्या नोंदीत पाहिले, गळत नव्हती. मग ट्रेलर. यंत्र बरोबर घेऊन मी पेणकडे माहेरी चार रात्री राहिले. तिथे बेडकांखेरीज आवाज नाही. पाय तिथेही चाललेच. ट्रेलर निर्दोष सुटले!

मग मी वही घातली. चहा किती वाजता, गोळी कोणती, किती वाजता पडले, सकाळी कसे वाटले, असे चौदा दिवस लिहिले. एका शनिवारी यजमान घड्याळ घेऊन उशाशी बसले. सकाळी त्यांनी सांगितले ते असे: पायाचा अंगठा वर उचलला जातो, घोटा वळतो, गुडघा आखडतो, दोन-तीन सेकंदांत सारे शांत होते आणि वीस-पंचवीस सेकंदांनी पुन्हा तसेच. जणू कोणी मोजून दोरी ओढते आहे. सूनबाईने मोबाइलवर त्याचे चित्रण केले. मला पाहवेना, पण तेच पुढे उपयोगी पडले.

वही आणि चित्रण घेऊन आम्ही मुंबईच्या एका झोपतज्ज्ञ बाईंकडे गेलो. पूर्वी मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँचने जायचो. यावेळी अटल सेतूवरून गेलो. बाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. मग प्रश्न विचारले. संध्याकाळी बसल्यावर पायांत मुंग्या सरपटल्यासारखे होते का? चालल्यावर बरे वाटते का? स्वप्नात ओरडता का, हात उगारता का? मशेरी लावता का? गोळ्या कोणत्या घेता? पाळीचा त्रास होता का?

एकेका प्रश्नामागे एकेक कारण होते. संध्याकाळी पाय अस्वस्थ होण्याच्या विकाराचे सविस्तर वर्णन स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एकबॉम यांनी १९४५ साली केले. झोपेत पाय ठराविक अंतराने हलण्याचा विकार त्याचाच सोबती. पुष्कळांना दोन्ही असतात. स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडणे मात्र वेगळे. ते बहुधा पन्नाशीपुढच्या पुरुषांत आढळते आणि कधी कधी कंपवाताची आगाऊ सूचना असते, म्हणून तेही सांगायला लाजू नये. झोप लागता लागता एखादा झटका बसतो तो मात्र सर्वांनाच बसतो. त्याला भिण्याचे कारण नाही.

बाईंनी मला यंत्र लावूनच एक रात्र रुग्णालयात झोपवले. डोक्याला, छातीला आणि दोन्ही नडग्यांना तारा लावल्या होत्या. घरचे यंत्र फक्त श्वास मोजते, पाय मोजत नाही, हे मला तेव्हा कळले. मोठ्या माणसात तासाला पंधराच्या वर अशा हालचाली झाल्या आणि त्यांनी झोप मोडत असेल, तर तो विकार धरतात. माझ्या चाळिसाच्या वर होत्या. मला जाग आल्याचे आठवत नसे, पण मेंदू रात्रभर उठबस करीत होता.

मग रक्ताची तपासणी. हिमोग्लोबिन १२.२, म्हणजे मर्यादेत. पण फेरिटिन अवघे १४. बाईंनी समजावले, "हिमोग्लोबिन म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यातले तांदूळ आणि फेरिटिन म्हणजे कणगीतला साठा. तुमचा डबा भरलेला दिसतो, पण कणगीचा तळ लागला आहे." पायांच्या या विकारात फेरिटिन ७५ च्या खाली असले तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. पुष्कळ प्रयोगशाळांच्या कागदावर मात्र १४ हा आकडाही ठीक म्हणून छापलेला असतो. म्हणून तो कोणाच्या नजरेत भरत नाही.

कणगी रिकामी का झाली, तेही सांगते. पाच-सहा वर्षे मला पाळीचा फार त्रास होता. मी कोणाला बोलले नाही. आपल्या आया सोसत आल्या, तसे आपण सोसायचे, असे मनात धरले. त्यातच जेवणावर लगेच कडक चहा. चहा लोह अंगी लागू देत नाही. आणि रस्त्याच्या धुळीने शिंका येतात म्हणून मी रोज रात्री सर्दीची एक गोळी घेत असे. झोप आणणाऱ्या अशा गोळ्यांनी पायांची अस्वस्थता वाढू शकते, हे मला स्वप्नातही आले नव्हते.

डॉक्टरांनी गोळी बदलली, लोह सुरू केले, चहा जेवणापासून दूर ठेवला आणि मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. यंत्र चालूच राहिले. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले. साठा वाढला होता. पाय अगदी थांबले असे म्हणणार नाही. पण गोधडी आता सकाळी अंगावर असते, यजमानांची नडगी बरी आहे आणि दुपारी ओट्यावर मी जागी असते. यानेही भागले नसते, तर पुढची औषधे आहेत, असे बाईंनी सांगितले आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगते. माझे ऐकून दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून घेऊ नका. लोह अंगात जास्त झाले तर तेही बाधते. आधी तपासणी करा. पाळी गेलेल्या बाईचे लोह कमी निघाले, तर पोटात कुठे रक्त जाते आहे का, हे पाहावेच लागते.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. ज्यांचा डबा भरलेला आणि कणगी रिकामी, त्या माझ्यासारख्या तर या मोजणीत आल्याच नाहीत. म्हणून माझी सूचना अशी की, येत्या वर्षी मंडळाने आपल्या सभासदांसाठी रक्ततपासणीचा एक दिवस ठेवावा आणि त्या दिवशी डॉक्टरबाईंनाही बोलवावे.

उपचार झाला, कागदावरचा आकडा चांगला आला, तरी आपल्याला बरे वाटत नसेल तर तसे पुन्हा सांगा. एकदा सांगून ऐकले नाही तर वही लिहून न्या. रात्री आपण काय करतो ते शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा. त्याला ठाऊक असते, पण तो भिडेने बोलत नाही. मी वर्षभर आधी विचारले असते, तर नातू त्या रस्त्याच्या कडेला उभा राहिला नसता.

 भाषण चालू असताना मागच्या रांगेत दोघी-तिघी पेंगत होत्या. त्यांच्यावर माझा मुळीच राग नाही. पण त्यांनी जाताना मला जरूर भेटून जावे.