दोष कोणाचा, हे बाजूला ठेवू



बालमनोविकारतज्ज्ञ आणि शालेय समुपदेशकांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत. अध्यक्षाने वर्षभराचा चौफेर आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. मी मात्र एकाच मनोविकारतज्ज्ञाच्या कामाविषयी बोलणार आहे. ते म्हणजे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे डॉ. जेम्स कोमर.

त्यांचा जन्म १९३४ सालचा, इंडियाना राज्यातल्या ईस्ट शिकागोचा. वडील पोलाद कारखान्यात, आई मॅगी लोकांच्या घरी कामाला. शाळेचे जेमतेम तोंड पाहिलेल्या या माउलीच्या पाच मुलांनी मिळून १३ पदव्या मिळवल्या. कोमर यांना मात्र दुसरीच गोष्ट छळत राहिली. लहानपणीचे तीन कृष्णवर्णीय मित्र त्यांच्याइतकेच हुशार होते. त्यांतला एक दारूपायी गेला, एकाची वर्षे तुरुंगात सरली, तिसरा मनोरुग्णालयाच्या फेऱ्या करत राहिला. चौघांची बुद्धी सारखीच होती. पण शाळेत कसे वावरावे, हे कोमर घरीच शिकून आले होते. मित्रांना ते कोणी शिकवले नव्हते, आणि ते शिकवणे आपले काम आहे, असे शाळेलाही वाटले नव्हते.

१९६८ साली येलच्या चाइल्ड स्टडी सेंटरतर्फे ते न्यू हेवनमधल्या दोन प्राथमिक शाळांत काम करू लागले. मुले जवळजवळ सगळी गरीब आणि कृष्णवर्णीय, शाळा शहरात तळाच्या. शिक्षक पालकांना नावे ठेवत आणि पालक शिक्षकांना. तिथला एक प्रसंग कोमर यांनी लिहून ठेवला आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या खेड्यातून आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला नात्यातल्या बाईंनी कामावर जाताजाता शाळेत सोडले. अनोळखी वर्गात नेताच तो भेदरला आणि शिक्षिकेला लाथ मारून पळाला. आपल्याकडे अशा मुलाच्या केसपेपरवर काय लिहिले जाते, हे या सभागृहाला सांगायला नको. कोमर यांच्या गटाने त्या सकाळी मुलावर काय गुदरले असेल, याचा विचार केला. नव्या मुलाला शाळेत कसे सामावून घ्यायचे, याची पद्धत त्यानंतर बसवली गेली.

त्यांनी प्रत्येक शाळेत तीन गट उभे केले. एक कारभाराचा, त्यात मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक एकत्र. दुसरा पालकांचा. तिसरा समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्त्यांचा. नियमही तीनच: दोष कोणाच्या माथी मारायचा नाही, निर्णय सहमतीने घ्यायचा, आणि मुख्याध्यापकाचे हात बांधायचे नाहीत. दोनपैकी एक शाळा पुढे प्रकल्पातून गळाली. दुसरी, मार्टिन ल्यूथर किंग शाळा, मात्र १९८४ पर्यंत चौथीच्या चाचण्यांत शहरातल्या अव्वल शाळांत जाऊन बसली.

यात वर्णभेदाचा प्रश्न कुठे येतो? कोमर यांचे सहलेखक डॉ. अल्विन पूसेंट यांचा अनुभव ऐका. नागरी हक्कांच्या चळवळीत काम करण्यासाठी ते १९६५ साली मिसिसिपीतल्या जॅक्सनला गेले. तिथे एका गोऱ्या पोलिसाने त्यांना भर रस्त्यात ‘ए पोरा’ म्हणून हटकले. डॉक्टर असल्याचे सांगितले तरी पोलिसाचा सूर बदलला नाही. शेवटी मान खाली घालून त्यांना आपले पहिले नाव सांगावे लागले. शिकल्यासवरल्या मनोविकारतज्ज्ञाची ही गत, तर घरकाम करणाऱ्या आईने शाळेच्या कचेरीवर विश्वास तरी कशाच्या जोरावर ठेवायचा? तो अविश्वास पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला असतो, भाषणे देऊन तो जात नाही. निर्णयात वाटा मिळाला, तरच तो कमी होतो. कोमर आणि पूसेंट या दोघांनीच १९७५ साली कृष्णवर्णीय पालकांसाठी बालसंगोपनाचे पुस्तक लिहिले.

मित्रहो, महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता. तिथला अनुभव आपल्याला परका नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आपल्या वर्गांतही आडनावावरून जात हेरली जाते, आदिवासी मुलाच्या बोलीला हसले जाते, ऊसतोड कामगाराचे मूल हंगाम संपवून परतते तेव्हा धडे कुठल्या कुठे गेलेले असतात. मग ‘अभ्यासात लक्ष नाही’ अशी चिठ्ठी घेऊन ते आपल्यापुढे येऊन बसते, आणि आपण एकट्या मुलाला तपासतो.

कोमर यांना जे शून्यातून उभारावे लागले, त्याचा सांगाडा आपल्याकडे कायद्यानेच दिला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असायला हवेत. पण सह्यांपुरत्या भरणाऱ्या बैठकांत पालक गप्प बसतात, आणि आपल्यापैकी तर तिथे कोणी फिरकतच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्यातल्या प्रत्येकाने एका शाळेच्या समितीच्या बैठकांना वर्षभर नियमाने जावे. मुलाचे निदान लिहिण्याआधी त्याचे शिक्षक आणि पालक यांना समोरासमोर बसवावे. आणि पुढच्या अधिवेशनात शोधनिबंधांच्या आधी, त्या बैठकांत पालकांनी कोणते निर्णय बदलायला लावले, याचा अहवाल वाचावा. तसा ठराव मी आपल्यापुढे मांडतो आहे. त्याला सभागृहाने मंजुरी द्यावी, ही विनंती.